चौलचा अर्धा वेढा

रेवदंड्याच्या तटाचा किंवा कोर्लईच्या डोंगराचा फोटो कुणी समाजमाध्यमांवर टाकला की खाली ठरलेला सामना सुरू होतो. एक पक्ष सांगतो, १५७१ साली इथे, म्हणजे जुन्या चौल बंदरात, मूठभर पोर्तुगिजांनी निजामशाहाच्या लाखाच्या फौजेला पाणी पाजलं, याला म्हणतात युरोपीय शिस्त. दुसरा पक्ष उसळून उठतो: कसली शिस्त घेऊन बसलात, आमचे सरदार फितूर झाले म्हणून वाचले ते, नाहीतर एक फिरंगी जिवंत परत गेला नसता. पुढे दोघेही एकमेकांच्या देशभक्तीवर आणि मग वंशावळीवर उतरतात. चौल राहतं बाजूला. गंमत अशी की हे हमरीतुमरीवर आलेले दोन पक्ष मुळात एकाच गोष्टीवर सहमत असतात. आत थोडे होते, बाहेर पुष्कळ होते, आणि पुष्कळांनी जिंकायला हवं होतं, हे दोघांनीही धरूनच चाललेलं असतं. जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, म्हणून एक चमत्कार शोधतो आणि दुसरा गुन्हेगार.

माझ्या मते ही मूळ समजूतच कच्ची आहे. चौलला पुरा वेढा कधी पडलाच नाही. पडला तो जमिनीकडच्या अंगाने. पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला कुंडलिकेची खाडी, या दोन्ही वाटा पोर्तुगिजांच्या हाती होत्या. जोवर त्या उघड्या होत्या तोवर आत किती आणि बाहेर किती या हिशेबाला फारसा अर्थ नव्हता, कारण आतला आकडा रोज बदलू शकत होता. किनाऱ्यावरच्या शहराची शिबंदी तटाच्या आत मोजायची नसते, तिच्यामागे उभ्या असलेल्या गलबतांसकट मोजायची असते. तशी मोजली की चमत्कारही लागत नाही आणि गुन्हेगारही.

आधी प्रसंग काय होता ते पाहू. १५६५ साली तालिकोटला विजयनगरचा पाडाव झाल्यावर दख्खनच्या शाह्यांना पहिल्यांदाच किनाऱ्याकडे वळायला उसंत मिळाली. १५७० मध्ये विजापूरचा अली आदिलशाह, अहमदनगरचा मुर्तझा निजामशाह आणि कालिकतचा झामोरिन यांनी एकाच वेळी पोर्तुगिजांवर उठायचं ठरवलं. आदिलशाहाने गोवा घ्यायचं, निजामशाहाने चौल, झामोरिनने मलबारातली ठाणी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर निजामशाहाचा सरदार फरहादखान चौलपुढे आला, जानेवारीत खुद्द निजामशाह. आदिलशाह डिसेंबरअखेर गोव्याच्या खाड्यांवर येऊन बसला. गोव्यातला व्हाइसरॉय होता दों लुईश द आताइद. त्याच्या सल्लागारांचं म्हणणं पडलं की चौल सोडून द्यावं आणि सगळं बळ राजधानीत एकवटावं. त्याने ऐकलं नाही. उलट दों फ्रान्सिश्कु मास्करेन्यश याच्याबरोबर सहाशेच्या आसपास माणसं गलबतांत घालून चौलला धाडली. इतकंच कशाला, दरसालची मसाल्याची जहाजंदेखील त्याने वेळेवर लिस्बनला रवाना केली.

चौलची अवस्था बचावाच्या दृष्टीने केविलवाणी होती. आज रेवदंड्याला जो लांबलचक तट दिसतो, नारळी-पोफळीच्या वाड्या ज्याच्या पोटात आहेत, तो बहुतांशी या वेढ्यानंतरचा. १५७० ला तिथे खाडीकडेला एक छोटा चौकोनी कोट होता आणि बाकीचं शहर उघडं. किल्लेदार लुईश फ्रैर द आंद्राद आणि मास्करेन्यश यांनी रस्त्यांत आडोसे घातले, कडेची घरं आणि फ्रान्सिस्कन मठ यांचेच बुरूज केले. पुढचे सहा महिने लढाई चालली ती घराघरांतून. एक घर सुरुंगाने उडायचं, लोक मागच्या घरात हटायचे, रात्री पुन्हा पुढे यायचे. जूनअखेरीचा मोठा हल्ला परतवला गेला आणि जुलैत तह होऊन निजामशाहाने डेरे उचलले. आदिलशाह गोव्यापुढे आणखी काही दिवस रेंगाळला, डिसेंबरात त्यानेही तह केला.

तेव्हा शौर्य होतं की नाही? होतं, आणि ते नाकारण्यात मला काही पुरुषार्थ दिसत नाही. उडालेल्या घराच्या ढिगाऱ्यात सहा महिने उभं राहणं हे पगारासाठी होत नाही. आपल्याकडे हे मान्य करताना अनेकांची जीभ अडखळते. शत्रूचं शौर्य कबूल केलं की आपल्या बाजूचं कमी होतं, असा एक विचित्र हिशेब आपण मांडून ठेवला आहे. पण शौर्य होतं हे मान्य केल्याने निकाल त्यामुळेच लागला असं ठरत नाही. निजामशाहाची माणसं काय भ्याड होती? खिंडारातून पुन्हा पुन्हा वर चढणारे, मोर्च्यांत मरणारे, सुरुंग खणताना गाडले गेलेले ते लोकही चौलच्याच मातीत आहेत. शौर्य दोन्ही बाजूंना असलं की ते हिशेबातून वजा होतं. उरतं काय ते बघायला हवं.

आता आकड्यांकडे. निजामशाहाकडे चौतीस हजार घोडा आणि लाखभर पायदळ, आदिलशाहाकडेही लाखाची फौज आणि दोन हजारांवर हत्ती, असे आकडे सर्रास सांगितले जातात. ते आले कुठून? पोर्तुगीज बखरकारांकडून. जो राजाकडे बक्षीस मागायला जाणार आहे, त्याने शत्रूची शिरगणती हात आखडता घेऊन करावी अशी अपेक्षा भाबडी आहे. आपल्या बखरींतल्या फौजांचे आकडे वाचताना आपण अर्धे सोडून देतो, मग फिरंग्यांच्या बखरी वाचताना ही सावधगिरी कुठे जाते? शिवाय फौज खरोखर लाखाची असली तरी ती लढते किती रुंदीवर? चौलच्या उत्तरेकडून आणि पूर्वेकडून ज्या गल्ल्या शहरात शिरत होत्या त्यांत एका वेळी काहीशे माणसं मावत होती. गोव्यात तर आदिलशाहापुढे मांडवी आणि झुआरीचं पाणी पसरलेलं. बाणस्तारीसारख्या मोजक्या उतारांवरूनच तिसवाडी बेटावर पाऊल ठेवता येणार. बाकीची फौज मागे बसून खात होती, आणि खाणारी तोंडं हे वेढ्यात बळ नसतं, ओझं असतं. लाख माणसं आणि त्यांची जनावरं यांना घाटावरून कोकणात दाणावैरण पुरवायची म्हणजे काय, हे ज्याने बैलांच्या तांड्यांच्या हिशेबाने विचारात घेतलं असेल त्याला कळेल की निजामशाहाची रसद आतल्या शिबंदीपेक्षा नाजूक होती.

आणि आत तरी मोजलं कोणाला? 'सातशे पोर्तुगीज', 'हजार पोर्तुगीज' असे आकडे ज्या कागदांत येतात त्याच कागदांत पुढे हत्यारं दिलेले गुलाम, देशी ख्रिस्ती, पाद्री, नावाडी यांचा वेगळा उल्लेख येतो. गोव्याच्या बचावात तीनशेवर पाद्री आणि हजारभर गुलाम उभे केले होते असं त्याच परंपरेत नोंदलेलं आहे. सांगताना मात्र गोरे तेवढे शिबंदी आणि बाकीचे जणू सामानसुमान. मूठ लहान दिसते ती अशी मोजल्यामुळे. रात्री कोसळलेली भिंत पुन्हा रचणारे हात कोणाचे होते? दारूची पिंपं वाहणारे, सुरुंगाला उलट सुरुंग खणणारे कोण? यातले पुष्कळसे याच किनाऱ्यावरचे होते. कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून तयार झालेली क्रिओल भाषा आजही काहीशे कुटुंबं घरात बोलतात. अंमल गेला, ती माणसं राहिली. युरोपीय शौर्याचे पोवाडे गाणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांनीही त्यांना सारखंच वगळलं आहे. मला या वादातलं सर्वांत खटकणारं असेल तर हेच.

तंत्राचा मुद्दा अधिक वजनदार आहे. पोर्तुगिजांच्या बंदुका, तोफा, बुरूज बांधायची पद्धत ही पुढची होती, असं म्हणणाऱ्यांना मी सहज उडवून लावणार नाही. जहाजांवरच्या तोफखान्याबाबत ते निःसंशय पुढे होते. पण जमिनीवर? विजापूरच्या बुरुजावर आज जी मुलुख-ए-मैदान तोफ आहे ती १५४९ साली अहमदनगरलाच ओतलेली. पन्नास टनांहून अधिक वजनाचं ते धूड ज्या कारखान्यात घडलं, त्या कारखान्याचा धनी वीस वर्षांनी चौलपुढे तोफांत मागासलेला होता असं म्हणणं धाडसाचं आहे. त्याच्याकडे रूमी, म्हणजे तुर्की, गोलंदाज होते, सुरुंग लावणारे होते, आणि त्यांनी चौलच्या घरांचा भुगा केलाच. कमी होती ती पाण्यावर चालणाऱ्या तोफांची.

आता फितुरी. हा आपल्या बाजूचा सर्वांत जोरदार पुरावा, कारण तो पोर्तुगिजांनी दिलेला नाही. फरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी अहमदनगरच्या दरबारात वावरलेला माणूस. तो लिहितो की निजामशाही सरदारांनी पोर्तुगिजांकडून नजराणे घेतले, विशेषतः दारू, आणि त्या बदल्यात आत रसद पोचू दिली. हा आरोप मला खरा वाटतो. पण त्यातून निघतं काय ते पाहा. पोर्तुगिजांना वेढ्याच्या ऐन मध्यात शत्रूच्या सरदारांना वाटण्याइतकी दारू मिळत होती कुठून? आत द्राक्षांचे मळे तर नव्हते. म्हणजे फितुरीचा मालही समुद्रावरूनच आला. ज्या शहराच्या पोटाला चिमटा बसलेला असतो ते शहर पाहुणचार करत नाही. फितुरी हे उघड्या समुद्राचं फळ आहे, आपण तिला कारण समजून बसलो.

शिवाय सरदार फितूर का झाले, हा प्रश्न 'हलकट होते म्हणून' एवढ्यावर सोडायचा असेल तर इतिहास कशाला वाचायचा? १५२१ मध्ये पोर्तुगिजांना चौलला कोट बांधू दिला तो याच घराण्यातल्या पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाने, आणि त्यामागे घोड्यांच्या व्यापाराचा सौदा होता. दख्खनच्या फौजा अरबी घोड्यांवर उभ्या. घोडे समुद्रावरून यायचे आणि समुद्रावर परवाना फिरंग्यांचा. वरचं चौल निजामशाही, खालचं चौल पोर्तुगीज. पन्नास वर्षं एकाच खाडीवर दोघांच्या पेढ्या चालत होत्या. ज्या सरदाराच्या पागेतले घोडे त्या बंदरातून आले आणि ज्याच्या जहागिरीतला माल त्या बंदरातून गेला, त्याला ते बंदर जाळून टाकायची कितपत हौस असणार? खुद्द सुलतानालाही पोर्तुगीज नकोत एवढंच कळत होतं. त्यांच्या जागी समुद्रावर कोण, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. युद्धाचा हेतूच जिथे अर्धवट, तिथे सरदारांची निष्ठा पूर्ण कुठून येणार?

याच युद्धातली एक आघाडी आपल्याकडे कोणी काढतच नाही. कालिकतजवळ चाले नावाचा पोर्तुगीज किल्ला होता. तेच पोर्तुगीज, त्याच बंदुका, तेच वर्ष. १५७१ च्या पावसाळ्यात झामोरिनने त्याला वेढा घातला. नदीच्या मुखाशीच किल्ला, पण वेळ अशी निवडली की खवळलेल्या समुद्रामुळे आरमाराला धड पोचता येऊ नये, आणि जे पोचेल त्याला नदीत शिरताना मारा सोसावा लागावा. आतले उपासमारीला आले आणि किल्ला पडला. वृद्ध किल्लेदार दों जोर्जे द कास्त्रू याने शरणागती पत्करली म्हणून गोव्यात त्याचा शिरच्छेद झाला. आता युरोपीय शिस्तीवाल्यांनी सांगावं, चाल्यात शिस्त कुठे गेली? आणि फितुरीवाल्यांनी सांगावं, झामोरिनचे सरदार काय हाडामांसाचे नव्हते? फरक एवढाच की झामोरिन किनाऱ्यावरचा राजा होता, पाण्याची वाट तोडल्याखेरीज काही होत नाही हे त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं. (चौलला मदतीला आलेलं त्याचं आरमार मात्र पोर्तुगीज गलबतांशी निकराने भिडलं नाही. मित्राच्या वेढ्यासाठी आपली जहाजं कोण बुडवतो?)

निजामशाहीला हा धडा कळला नव्हता असंही नाही. वीस-बावीस वर्षांनी दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने खाडीच्या पलीकडे कोर्लईच्या सुळक्यावर किल्ला बांधायला घेतला, तो कशासाठी? खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर तोफ डागता यावी म्हणून. म्हणजे लाख फौजेने जे साधलं नाही ते एका डोंगराने साधायचं. पोर्तुगिजांनाही त्याचा अर्थ चटकन समजला. वसई आणि मुंबईजवळची साष्टी इथून माणसं गोळा करून त्यांनी सप्टेंबर १५९४ मध्ये थेट कोर्लईवरच झडप घातली आणि तो घेतला. इथे पोर्तुगीज तटाआड बसलेले नव्हते, चढाई करून गेले होते, आणि निजामशाही ठाण्यात प्रचंड कत्तल झाली. शौर्याचा दाखलाच हवा असेल तर तो १५७१ पेक्षा इथे जास्त आहे. पण त्यांना जीव पणाला लावावासा वाटला तो खाडीच्या तोंडासाठी, हे लक्षात ठेवावं.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत अवघड आक्षेप १७३९ च्या वसईचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. वसई काही उपाशी पडली नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने फेब्रुवारीपासून मोर्चे लावले, तटाखाली सुरुंग नेले, मे महिन्यात सान सेबास्तियन बुरुजाला खिंडार पाडून आणि हजारो माणसांचा बळी देऊन पोर्तुगिजांना तहाला भाग पाडलं. मग समुद्राचं काय? वसईलाही समुद्र होताच की. इथे नकाशा थोडा मोठा करून बघायला हवा. वसईच्या वेढ्याआधी ठाणे गेलं होतं, साष्टी गेली होती, अर्नाळा मराठ्यांनी बांधून काढला होता, माहीम आणि तारापूर घेतलं होतं. आणि १७३९ च्या सुरुवातीलाच मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्यातल्या दुसऱ्या साष्टीत घुसून मडगावपर्यंत पोचले, राचोलच्या किल्ल्याला वेढा दिला. शालेय पुस्तकात या स्वारीला जेमतेम एक ओळ मिळाली तर मिळते. पण वसईचं भवितव्य अर्धंअधिक तिथे ठरलं. खिंडार पडलं तरी त्यात उभी करायला ताजी माणसं असली तर किल्ला पडत नाही, हे चौलने दाखवलं होतं. १५७० मध्ये आताइद गोव्यातून सहाशे माणसं पाठवू शकला. १७३९ मध्ये गोव्यालाच स्वतःची माणसं पुरेनात. वसईचा सेनापती मार्तिन्यु द सिल्व्हैर द मेनेझिश वेढ्यात मारला गेला, आणि त्याच्यामागे उभी करायला कुमक नव्हती. समुद्र मोकळा होता, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवायला कोणी उरलेलं नव्हतं. बाजीराव-चिमाजींनी पाण्याचा दरवाजा न अडवता दरवाजापलीकडचं घर अडवलं, आणि हीच या मोहिमेची खरी चतुराई. आपण मात्र 'माझं मस्तक तोफेत घालून किल्ल्यात टाका' ही आख्यायिका रंगवण्यात रमतो.

एक दाखला माझ्या मांडणीत बसत नाही तोही सांगून टाकतो. १६८३ च्या हिवाळ्यात संभाजी महाराजांनी जुवे बेट घेतलं तेव्हा गोवा पडायच्या बेतात होतं. व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला होता. त्या वेळी गोवा वाचलं ते आरमाराने नाही, शाहआलमच्या मोगल फौजा पाठीवर येत असल्यामुळे महाराजांना मागे वळावं लागलं म्हणून. नियमाला असे अपवाद असतात.

वसईची गोष्ट १७३९ ला संपवण्याचीही आपल्याला सवय आहे. चाळीस वर्षांनी त्याच तटात मराठ्यांची शिबंदी होती आणि बाहेर जनरल गॉडर्डचे इंग्रज. विसाजीपंत लेले आत लढत होते. रामचंद्र गणेश मोठी फौज घेऊन सुटकेसाठी वज्रेश्वरीच्या बाजूला आलेले. संख्या आपल्या बाजूला, मुलूख आपला, किल्ला तोच. मुंबईहून इंग्रजांच्या तोफा आणि सामान मात्र समुद्राने येत होतं, त्याला अडवणारं आता कोणी नव्हतं. ११ डिसेंबर १७८० ला वसई गेली, साधारण महिनाभरात, आणि दुसऱ्याच दिवशी रामचंद्र गणेश दुगाडच्या लढाईत पडले. अडवणारं कोणी का नव्हतं? कारण १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं तेव्हा इंग्रजांच्या सोबतीला नानासाहेब पेशव्यांची फौज होती. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते हे खरं. पण बंडखोर सरदाराला वठणीवर आणणं वेगळं आणि त्याची जहाजं परक्याच्या हातून जाळून घेणं वेगळं.

हे काही केवळ कोकणचं नाही. क्रीटमधलं कँडिया हे व्हेनिसच्या ताब्यातलं शहर उस्मानी तुर्कांनी १६४८ पासून १६६९ पर्यंत, एकवीस वर्षं वेढलं. जहाजं येत राहिली तोवर ते टिकलं. उलट फ्रान्समध्ये ला रोशेलपुढे कार्डिनल रिशल्यूने फौज वाढवत बसण्यापेक्षा बंदराच्या तोंडाशी सुमारे दीड किलोमीटरचा दगडी बांध घातला आणि १६२८ मध्ये शहर भुकेने शरण आलं. जंजिऱ्यापुढे समुद्रात दगड टाकून वाट करायचा संभाजी महाराजांचा प्रयत्न याच जातीचा. तो तडीस गेला असता तर मराठी किनाऱ्याचा इतिहास वेगळा झाला असता. आणि गणित उलटं करून पाहायचं असेल तर १९४२ चं सिंगापूर आहेच. शहरात ब्रिटिश बाजूचे ८५,०००च्या आसपास सैनिक, चाल करून आलेले जपानी त्याच्या निम्म्याहून कमी. प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या दोन युद्धनौका डिसेंबर १९४१ मध्येच बुडाल्या होत्या, आकाश आणि समुद्र जपान्यांचा झाला होता. १५ फेब्रुवारीला शरणागती. थोडे आणि पुष्कळ यांवरच निकाल लागत असता तर सिंगापूर कसं पडलं असतं?

कोणी म्हणेल, असेना का वाद चुकीचा, समाजमाध्यमांवर चार माणसं भांडली तर कोणाचं काय बिघडतं? बिघडतं. 'फितुरीमुळे हरलो' हे उत्तर राज्यकर्त्याला फार सोयीचं असतं. ते सगळा दोष दोन-चार बदमाशांवर टाकतं आणि ज्याने पन्नास वर्षं एक धड लढाऊ गलबत बांधलं नाही त्या दरबाराला सोडून देतं. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजं बांधायला घेतली आणि सिंधुदुर्गावर पैसा ओतला, तो हा दोष ओळखून. त्यांच्यानंतर आंग्र्यांखेरीज तो वारसा कोणी नीट चालवला? आपण फितुरांची यादी तोंडपाठ करतो आणि आरमारावर झालेल्या खर्चाची एक ओळ आपल्याला आठवत नाही.

दुसऱ्या बाजूचं नुकसान तर रक्ताने मोजण्याइतकं झालं असतं. दीव, चौल, गोवा इथले वेढे पोर्तुगालमध्ये चारशे वर्षं शाळेत शिकवले गेले, आणि त्यांतून थोड्या शूरांनी अडून बसलं की पुष्कळांना मागे हटावंच लागतं असा समज मुरत गेला. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात साडेतीन हजारांच्या आसपास पोर्तुगीज सैनिक होते, बाहेर त्यांच्या कित्येक पट भारतीय सेना. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गव्हर्नर-जनरल वासालू ई सिल्व्हा याला कळवलं की निदान आठ दिवस लढवा, शरणागती नको, आपले सैनिक आणि खलाशी एकतर विजयी असतील नाहीतर मृत. डोळ्यांपुढे १५७१ होतं. पण १५७१ मधला समुद्र कुठे होता? मुरगावपाशी अफोन्सु द अल्बुकेर्क नावाची एकुलती एक युद्धनौका १८ तारखेला भारतीय फ्रिगेटींच्या माऱ्याने किनाऱ्याला लागली, आणि लिस्बनहून यायला निघालेलं कोणी नव्हतं. गव्हर्नर व्यवसायाने लष्करी इंजिनिअर. त्याने पुराणकथा बाजूला ठेवून हिशेब केला आणि १९ डिसेंबरला शरण गेला. पणजी, मडगाव, म्हापसा यांचे चौल झाले नाही ते त्या हिशेबामुळे. चाल्याच्या किल्लेदाराचं डोकं गोव्यात उडवलं होतं, याला सालाझारने सैन्यातून हाकलून दिलं. १९७४ च्या क्रांतीने राजवट गेल्यावरच त्याचा हुद्दा त्याला परत मिळाला.